ऑटिझम असलेल्या मुलासाठी कोल्हापुरात बालवाडी शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या, ऑटिझमचं म्हणजे स्वमग्नतेचं निदान झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या मुलांचे आईवडील ज्या प्रश्नांनी हैराण असतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः अशा मुलाची आई आहे आणि आता नव्या पालकांबरोबर शाळांमध्ये जाऊन बसते. उत्तरं त्या अनुभवातून आणि कायद्याच्या वाचनातून आलेली आहेत.

आधी थेरपी करून मुलाला तयार करू, मग शाळेत घालू. असं चालेल का?

चालवू नका. वाट बघण्यात नेमकी तीच वर्षं जातात, ज्यात मूल इतर मुलांना बघून शिकतं. रांगेत थांबणं, शेजारच्याच्या हातातलं खेळणं मोकळं होईपर्यंत धीर धरणं, दहा जण डबा उघडतात तेव्हा आपणही उघडणं, हे थेरपीच्या खोलीत शिकवता येत नाही, कारण तिथे रांग नसते आणि शेजारीही नसतो. स्पीच थेरपी (बोलण्याची), ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या हालचाली आणि कामांची) आणि बालवाडी तिन्ही बरोबर चालू राहू शकतात. आठवड्यातल्या ज्या दिवशी थेरपी असते त्या दिवशी शाळा कमी वेळ ठेवली की मूल थकतही नाही.

तयारी करायची ती शाळेची. आणि ती बहुतेक शाळांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ छोटी असते. खालची जवळजवळ सगळी उत्तरं त्या छोट्या तयारीबद्दलच आहेत.

मूल बोलत नाही, शू-शी सांगत नाही. कोण घेणार त्याला?

‘टॉयलेट ट्रेनिंग झालेलं असावं’ ही अट अनेक नर्सऱ्यांच्या माहितीपत्रकातच छापलेली असते. तिथे अडून बसू नका, तोडगा घेऊन जा. मूल सांगत नसलं तरी वेळेवर नेता येतं: आल्यावर एकदा, डब्यानंतर एकदा, घरी निघताना एकदा. नेणार कोण हे मात्र नावानिशी ठरवून घ्या. ‘कुणीतरी नेईल’ म्हटलं की कुणीच नेत नाही. शाळेतल्या मावशींशी स्वतः बोला, कपड्यांचे दोन जोड आणि एक पिशवी वर्गात ठेवा.

बोलण्यासाठी चित्रकार्डं करा. सुरुवातीला पाणी, डबा, शू, नको, पुरे, मदत एवढीच. चित्रं वापरली तर मूल बोलायचं राहील, ही भीती घरोघरी असते आणि ती निराधार आहे. मागणी पोचते हे मुलाला कळलं की किंचाळणं कमी होतं, आणि बरीच मुलं कार्डाबरोबर शब्दही काढायला लागतात.

अंगणवाडी, शाळेची बालवाडी, खासगी नर्सरी की विशेष शाळा?

अंगणवाडीचा विचारच न करता ती बाजूला टाकली जाते, याचं मला वाईट वाटतं. ती तुमच्या गल्लीत असते, मूल चालत जातं, तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र बसतात, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाने तीन वर्षांच्यांसारखं खेळलं तरी कुणी बोट दाखवत नाही. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं ओळखायचं आणि सामावून घ्यायचं याची कार्यपद्धती केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं आणि गरज असेल तर शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि थेरपी देणाऱ्या सरकारी केंद्राकडे पाठवतं. अडचण खरी आहे: सेविका एकटी, तिच्यामागे पोषण आहार, नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती. त्यामुळे सगळा भरवसा तिथल्या ताई आणि मदतनीस यांच्या स्वभावावर.

मराठी शाळेला जोडलेली बालवाडी हा बऱ्याच घरांना जमणारा मधला मार्ग. शिशुवर्गापासून पहिलीपर्यंत तेच आवार, तीच मुलं. खासगी इंग्रजी नर्सरीत जागा, खेळणी जास्त असतात, पण ज्युनिअर केजीपासूनच चार रेघी वहीत अक्षरं गिरवायचा तगादा सुरू होतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे, हे शाळेला आठवण करून द्यायला हरकत नाही.

विशेष शाळांचा अनुभव मोठा आहे. शेंडा पार्कातली चेतना अपंगमती विकास संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जुनं नाव आहे. ज्या मुलाला जास्त आधार लागतो त्याच्यासाठी तिथल्यासारख्या प्रशिक्षित माणसांचा सल्ला घ्याच. पण तीन वर्षांच्या मुलाबद्दल ‘याला फक्त विशेष शाळाच’ असा निकाल कुणी पहिल्याच भेटीत दिला, तर मी तो मानणार नाही.

निवडताना इमारत बघू नका. वर्गात वीस-पंचवीसच्या आत मुलं आणि जमिनीवर बसून बोलणाऱ्या बाई हे दोन मिळाले तर पत्र्याचं छप्परही चालेल.

शाळा प्रवेश नाकारू शकते का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यातल्या 21 प्रकारांच्या दिव्यांगत्वात ऑटिझम आहे. कलम 16 नुसार शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या आणि त्याला लागेल तो वैयक्तिक आधार द्यायचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायला मनाई करतं.

आता कायद्यातली फट. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयासाठी आहे. 2016 च्या कायद्याचं कलम 31 चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षण देतं, पण तेही 6 ते 18 वर्षांत. तीन ते सहा ही वर्षं या हमीबाहेर राहतात. शिवाय बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या सुट्या नर्सऱ्या शिक्षण विभागाची मान्यता बहुधा घेतच नाहीत, त्यामुळे कलम 16 त्यांच्यावर लावणं अवघड जातं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: ही बालवाडी कुठल्या मान्यताप्राप्त शाळेचा भाग आहे का?

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या गावात एखाद्या मुलाला फाटकातून परत पाठवलं जातं, तेव्हा मला ते फार लागतं.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांत अर्ज करता येतो का?

हो. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं शिक्षण हक्क कायद्यातल्या ‘वंचित गटा’त आली, त्यामुळे त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ज्या खासगी शाळेचा प्रवेशस्तर नर्सरी किंवा केजी आहे तिथे ही सवलत पूर्वप्राथमिकलाही लागू होते. अर्ज राज्याच्या पोर्टलवर भरायचा असतो आणि सोडत निघते. जानेवारीपासूनच बातम्यांवर लक्ष ठेवा. चाळीस टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र मात्र हातात हवं, आणि ते ऐनवेळी मिळत नाही.

प्रमाणपत्र कसं काढायचं? त्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत का?

साध्या प्रवेशासाठी प्रमाणपत्राची गरज नाही. कुणी मागितलं तर कशासाठी हवं ते विचारा. सवलती आणि राखीव जागा यांच्यासाठी ते लागतं.

केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज करायचा, रुग्णालय म्हणून दसरा चौकाजवळचं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय निवडायचं आणि मिळालेल्या तारखेला तिथे जायचं. ऑटिझमसाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि 70 पासून पुढे ऑटिझम धरतात. लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

रुग्णालयातल्या गर्दीत मूल एकतर गोठून जातं किंवा बिथरतं, आणि डॉक्टरांना रोजचं मूल दिसतच नाही. घरी खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर ते कसं वागतं याचे एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा.

शाळेला निदान सांगायचं की लपवायचं?

सांगायचं. लपवलं तर बाई मुलाला हट्टी समजतात आणि शिक्षा करतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मात्र वैद्यकीय अहवालाची पूर्ण फाइल देऊ नका. ती कुणी वाचत नाही, आणि वाचली तर घाबरतात. त्याऐवजी एका पानाची ओळख लिहून द्या. ती साधारण अशी असावी:

‘आर्या साडेतीन वर्षांची आहे. ती अजून वाक्य बोलत नाही, पण मराठी सगळं समजते. सूचना देताना जवळ जाऊन, नाव घेऊन, चार-पाच शब्दांत सांगा आणि उत्तरासाठी दहा अंक मोजेपर्यंत थांबा. मिक्सर, घंटा, फुगा फुटणं यांचा तिला त्रास होतो, तेव्हा ती कान झाकते. आनंद झाला की हात फडफडवते, ते थांबवू नका. नजरेला नजर देण्याचा आग्रह धरू नका, न बघताही ती ऐकत असते. झाकणं, चाकं आणि गाणी तिला फार आवडतात. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मऊ रुमाल आहे, फार अस्वस्थ झाली तर तो द्या आणि खिडकीशी बसू द्या. बोलू नका, थोडा वेळ जाऊ द्या.’

नाव बदला, तपशील तुमच्या मुलाचे घाला. पान वर्गाच्या बाईंना द्या, त्यांच्या बदली बाईंना द्या, मावशींना वाचून दाखवा आणि व्हॅनच्या काकांनाही सांगा. शाळेतला बराचसा त्रास वर्गात होतच नाही, तो व्हॅनमध्ये होतो.

पहिल्या भेटीत काय बघायचं?

शाळा चालू असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको. कोपऱ्यात अर्धा तास बसायची परवानगी मागा. रडणाऱ्या मुलाशी बाई काय करतात ते बघा. एखादं मूल गोलात बसलं नाही तर त्याला ओढतात की गोलाच्या कडेला उभं राहू देतात? प्रार्थना माइकवर होते का? पंखे, पत्रा, रस्ता यांचा आवाज किती? फाटकाला कडी आहे का? हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. आमच्या मुलांपैकी पुष्कळ जण संधी मिळताच निसटतात, आणि कोल्हापुरातल्या अनेक शाळांचं फाटक थेट रस्त्यावर उघडतं.

मग विचारा: आधी असं मूल आलं होतं का, त्याच्यासाठी काय केलं होतं? ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण आपल्या मुलाच्या उपयोगाचं नाही. ‘अनुभव नाही, पण तुम्ही सांगा, करून बघू’ असं म्हणणाऱ्या बाईंकडे मी डोळे झाकून मूल सोपवेन.

पण साध्या बालवाडीतल्या बाईंना हे खरंच जमतं का?

मी पाहिलेलं सांगते. चार वर्षांचा एक मुलगा डब्याआधी हात धुवायला गेला की नळ सोडायचा नाही. पाण्याची धार बोटांमधून जाताना बघत उभा. ओढलं की किंचाळायचा आणि ओल्या फरशीवर अंग टाकायचा. बाईंनी नळाशेजारी भिंतीवर चिकटपट्टीने तीन चित्रं लावली: साबण, नळ, रुमाल. मग त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून पाच बोटं धरायच्या आणि मोजत एकेक बोट मिटायच्या. मूठ झाली की नळ बंद. सुरुवातीला त्याने बोटांकडे बघितलंही नाही. बाईंनी रोज तेच, तशाच आवाजात चालू ठेवलं. पुढे तो आपली बोटं मिटायला लागला, नळ स्वतः बंद करून रुमालाच्या चित्रावर बोट ठेवायला लागला, आणि बाकीची मुलंही बोटं मिटतच हात धुवायला लागली.

त्या बाईंकडे विशेष शिक्षणाची पदवी नव्हती. मार्गदर्शनाला एक स्पीच थेरपिस्ट होत्या, त्या अधूनमधून फोनवर बोलायच्या. असा दुवा तुम्ही जोडून द्या. विशेष शिक्षक किंवा स्पीच थेरपिस्ट नेमताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते जरूर तपासा. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून किंवा महापालिका हद्दीत शहर साधन केंद्रातून काम करतात, त्यांनाही शाळेने बोलवावं असं लेखी सुचवा.

शाळा म्हणते, शॅडो टीचर (वर्गात फक्त आपल्या मुलाजवळ बसणारी मदतनीस) तुम्ही आणा, पगारही तुम्ही द्या.

एवढ्या लहान वयात सतत चिकटून बसणारा मोठा माणूस मुलाला इतर मुलांपासून तोडतो. बाई मुलाशी बोलायचं सोडून त्या माणसाशी बोलतात. सुरुवातीला आधार लागत असेल तर तो पूर्ण वर्गाला मदत करणारा हवा, आणि केव्हा, कसा कमी करायचा ते ठरलेलं हवं. ‘शॅडो नसेल तर प्रवेश नाही’ अशी अट असेल तर ती लेखी मागा. बऱ्याचदा मागितल्यावर अट सौम्य होते.

सुरुवातीचे आठवडे कसे काढायचे?

शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, रिकाम्या वर्गात मुलाला नेऊन आणा. फाटक, चपला काढायची जागा, बसकर, नळ, खिडकी यांचे फोटो काढून घरी रोज दाखवा. पहिल्या आठवड्यात अर्धा तास पुरे, तोही शाळा सुटण्याआधीचा, म्हणजे मूल सगळ्यांबरोबर घरी निघतं आणि ‘इथून घरी जातात’ हे त्याला कळतं.

जूनचा पाऊस विसरू नका. रेनकोटचं प्लास्टिक अंगाला लागणं, ओले मोजे, व्हॅनच्या बंद काचा, हे सगळं नव्या शाळेबरोबर एकदम येतं. रेनकोटची सवय मेमध्येच घरात घालून करा, आणि पावसाळाभर बुटांऐवजी सँडल घालू देण्याची परवानगी मागून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी वाढलं की अचानक सुट्ट्या पडतात. ‘शाळा’ आणि ‘घर’ अशी दोन चित्रं दाराजवळ ठेवा, सकाळी त्यातलं एक लावा. सुट्टी आहे हे चित्राने कळलं की दारात बूट घालून रडणं टळतं.

जयंत्या, फेऱ्या, गणपती, स्नेहसंमेलन?

शाळा सुरू होते न होते तोच 26 जूनला शाहू जयंती, मग पंधरा ऑगस्ट, मग गणपती, आणि आपल्याकडे ढोल-ताशा आणि साउंड सिस्टिमचा आवाज काय असतो ते सांगायला नको. आवाज अडवणारे कानावरचे हेडफोन घ्या. मुलाने सहभागी व्हावं, पण आपल्या मापाने: फेरीत शंभर पावलं चालून परत, स्टेजवर एक मिनिट, किंवा रंगीत तालमीलाच फक्त. कार्यक्रमाच्या दिवशी ‘आज तुम्ही त्याला ठेवू नका’ असा निरोप आला तर तो मान्य करू नका, काय सोय करता येईल ते बोला.

चावतो, ढकलतो म्हणून शाळा रोज फोन करून ‘घेऊन जा’ म्हणते.

बाईंना एका वहीत तीन गोष्टी लिहायला सांगा: किती वाजता झालं, त्याआधी काय चाललं होतं, नंतर मुलाला काय मिळालं. दोन आठवड्यांत बहुधा कारण दिसायला लागतं. भूक, घंटा, कुणीतरी मागून मिठी मारणं, खेळ मध्येच थांबवणं. कारण कळलं की बदल नेमका करता येतो. चावलं की घरी पाठवायचं, असं चालू राहिलं तर मूल ‘चावलं की घर’ एवढंच शिकतं, आणि हळूहळू त्याची शाळा कायमची सुटते. लवकर नेण्याची वेळ वरचेवर येत असेल तर भेट मागा आणि ठरलेलं लिहून घ्या.

इतर पालक कुरकुर करतात.

बाईंच्या परवानगीने पालकसभेत तुम्हीच दोन मिनिटं बोला. मुलाला काय आवडतं ते सांगा. काही जण तरीही तोंड फिरवतील. वर्गातली मुलं मात्र पटकन शिकतात.

मराठी की इंग्रजी माध्यम?

घरात जी भाषा बोलता तीच. आजी, शेजारी, भाजीवाल्या मावशी ज्या भाषेत बोलतात तिचा सराव मुलाला दिवसभर मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं नुकसान होतं याला आधार नाही, त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड दोन्ही असतील तर दोन्ही राहू द्या. फक्त शाळेच्या नादाने आईने मोडक्या इंग्रजीत बोलणं बंद करा.

आजी म्हणतात, ‘त्याचा बापही उशिराच बोलला, कशाला नाव ठेवता पोराला?’

त्यांची माया खरी आहे, वाद घालू नका. त्यांना एक काम द्या: रोज संध्याकाळी तेच एक गाणं म्हणायचं आणि शेवटचा शब्द मुलासाठी सोडायचा. आजीसारखा धीर थेरपिस्टकडेही नसतो.

लस किंवा मोबाइल यामुळे झालं का?

नाही. मोबाइल कमी करा, कारण तो खेळायचा वेळ खातो. लसी वेळेवर द्या.

खर्चाला काही हातभार?

राष्ट्रीय न्यास कायदा 1999 मध्ये ऑटिझम आहे. त्या न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. जुन्या करप्रणालीत आयकर भरणाऱ्यांना दिव्यांग अवलंबितासाठी 75,000 रुपये आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपये वजावट मिळते. ऑटिझमसाठी त्याला ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं.

तोंडी नकार मिळाला. पुढे?

प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नुसत्या पोच मागण्यानेही काही ठिकाणी सूर बदलतो. महापालिका हद्दीत प्राथमिक शिक्षण समितीकडे, ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि मग नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. अंगणवाडीबद्दल असेल तर बालविकास प्रकल्प अधिकारी. तिथेही दाद लागली नाही तर पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त. तक्रारीत राग नको. तारीख, कोण काय म्हणालं, तुम्ही कोणती सोय मागितली होती, एवढं पुरे.

तक्रार चालू असताना मूल घरी बसवू नका. दुसरीकडे, अंगणवाडीत का होईना, त्याचं जाणं सुरू ठेवा.

पहिलीत जायची वेळ आली की? एक वर्ष मागे ठेवू का?

राज्यात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हा नियम आहे. बालवाडीतले सवंगडी पुढे गेले आणि आपलं मूल मागे राहिलं, तर त्याला पुन्हा सगळी नवी माणसं ओळखीची करावी लागतात. त्यामुळे मी सहसा सवंगड्यांबरोबर पुढे पाठवा असंच सांगते. सहाव्या वर्षापासून मोफत शिक्षणाचा हक्कही लागू होतो. प्रमाणपत्राची मुदत त्याच सुमाराला संपत असेल तर आधीच नूतनीकरणाला घाला. आणि फेब्रुवारीतच पहिलीच्या बाईंना बालवाडीत येऊन अर्धा तास बसायची विनंती करा. तुमचं ते एक पान तेव्हाच त्यांच्या हातात द्या, नव्याने लिहिलेलं.